थोड्या खर्चांत राजधानीचें दर्शन

परदेशचा प्रवास म्हटला कीं मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या मनांत प्रथम उभा राहतो तो खर्चाचा आंकडा. युरोपांतील राजधान्या म्हणजे मोठमोठीं हॉटेलें, दिव्यांनीं झगमगणारे रस्ते, नाटकगृहांतील महागड्या जागा आणि दुकानांच्या कांचेआड मांडलेल्या वस्तु, अशी एक समजूत रूढ झालेली आहे. ज्याच्या खिशांत या सर्वांना पुरेल इतकें द्रव्य नाहीं त्यानें घरीं बसून चित्रें पाहावीं हेंच बरें, असा निष्कर्ष त्या समजुतींतून सहज निघतो. तो कितपत खरा आहे हें तपासून पाहण्यास अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील एका विद्यार्थ्याचें उदाहरण उपयोगी पडण्यासारखें आहे. त्या विद्यार्थ्याचें नांव पांडुरंग महादेव बापट. पुढें महाराष्ट्र त्यांना सेनापति बापट या नांवानें ओळखूं लागला.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजीं पारनेर येथें झाला. पारनेर हा डोंगराळ आणि कमी पावसाचा तालुका. तेथील माणसाला काटकसर शिकविण्यास निराळ्या शाळेची गरज पडत नाहीं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून बी. ए. झाल्यावर बापटांना मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ति मिळाली. मुंबईचे दानशूर व्यापारी सर मंगळदास नथुभाई यांच्या देणगींतून ती देण्यांत येत असे. त्या शिष्यवृत्तीवर १९०४ सालीं ते यंत्रविद्या शिकण्यासाठीं एडिंबरो येथें गेले. शिष्यवृत्तीवर राहणारा विद्यार्थी हा मोजक्या पैशाचा प्रवासी होय. त्याला खोलीचें भाडें, कोळसा, जेवण, पुस्तकें आणि थंडीचे कपडे यांचा मेळ एकाच रकमेंत घालावा लागतो, आणि करमणुकीसाठीं जें उरतें तें बहुधा कांहींच नसतें. अशा माणसाला राजधानी दिसते ती कोणती, हा आजच्या विचाराचा विषय आहे.

एडिंबरो ही स्कॉटलंडची राजधानी. १७०७ सालीं स्कॉटलंडची पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटांत विलीन झाली, तरी न्यायालयें, धर्मपीठ आणि विद्यापीठ यांच्या बळावर या शहरानें आपलें राजधानीपण टिकवून धरलें. १९९९ पासून स्कॉटलंडची स्वतंत्र पार्लमेंट तेथें पुन्हां भरूं लागली आहे, आणि ती इमारत पाहण्यास व सभागृहाचें कामकाज ऐकण्यास पैसे पडत नाहींत. शहर आकारानें आटोपशीर असल्यामुळें पायीं हिंडणाऱ्यास तें फार सोयीचें आहे. विमानाचें भाडें आणि प्रवेशाच्या परवान्याचा खर्च कोणासहि टळत नाहीं, आणि त्या बाबतींत काटकसरीचा उपदेश करणें व्यर्थ होय. परंतु शहरांत पाऊल टाकल्यावर मात्र खर्च किती करावयाचा हें पुष्कळ अंशीं प्रवाशाच्या स्वतःच्या हातीं असतें.

शहराचे दोन भाग आहेत, जुनें आणि नवें. जुनें शहर एका लांबट कड्याच्या पाठीवर वसलेलें आहे. कड्याच्या पश्चिम टोंकाला किल्ला, पूर्वेच्या पायथ्याशीं होलीरूडचा राजवाडा, आणि या दोहोंना जोडणारा सुमारें मैलभर उताराचा रस्ता. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अरुंद बोळ फुटलेले आहेत. एखाद्या बोळांत शिरावें तों दोन उंच भिंतींच्या चिमट्यांतून पायऱ्या खालीं उतरत जातात आणि टोंकाला आकाशाची एक उभी फीत दिसते. बोळांचीं व चौकांचीं नांवें वाचावींत: एक मांसबाजाराचा बोळ, एक वकिलांचा बोळ, पुढें गवतबाजार, गाईंची वाट. ज्यानें नगरांत दाळमंडई, आडते बाजार, तोफखाना, कापड बाजार, माळीवाडा हीं नांवें ऐकलेलीं आहेत त्याला हा प्रकार परका वाटणार नाहीं. शहर आपला इतिहास प्रथम नांवांत साठवितें. आणि तीं नांवें वाचण्यास तिकीट लागत नाहीं.

या जुन्या शहरांतील घरें सात-आठ मजली, आणि उताराच्या बाजूनें पाहिलीं तर त्याहूनहि उंच. तटाच्या आंत जागा थोडी आणि माणसें फार, म्हणून घरें आभाळाकडे वाढलीं. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत एकाच जिन्यावर सरदार, न्यायाधीश, व्यापारी, शिंपी आणि हमाल राहत असत. मजला तेवढा वेगळा असे. १७६७ सालीं जेम्स क्रेग या तरुण रचनाकाराच्या आराखड्याप्रमाणें उत्तरेस नवें शहर बांधण्याचें ठरलें, आणि ऐपतदार माणसें एकामागून एक दरी ओलांडून तिकडे राहावयास गेलीं. रुंद सरळ रस्ते, एका उंचीचीं दगडी घरें, मध्यें चौकोनी बागा असें तें नवें शहर खरोखर देखणें आहे. पण मागें राहिलेल्या जुन्या शहरांत मग केवळ गरिबीच उरली. एकेका खोलींत एकेक कुटुंब, आणि जिन्यांवर दुर्गंधी, अशी स्थिति एकोणिसाव्या शतकांत झाली. किल्ल्याच्या उतारावरून दोन्ही शहरें एका दृष्टिक्षेपांत दिसतात. श्रीमंत आणि गरीब एका जिन्यावर राहत होते तेव्हांचें शहर आणि ते दोन टेकड्यांवर विभागले गेले तेव्हांचें शहर, यांतील फरक चालणाऱ्याच्या पायांनाच प्रथम कळतो. मोटारींतून जाणारा दोन्ही शहरें पाहतो. मधली दरी मात्र त्याला दिसत नाहीं.

ती दरीहि पाहण्यासारखी आहे. पूर्वीं तेथें एक तळें होतें आणि साऱ्या गांवाची घाण त्यांत जाई. तें आटवून पुढें त्या जागेवर बागा केल्या. त्यांपैकीं पश्चिमेकडील बाग प्रारंभीं भोंवतालच्या घरमालकांची खासगी होती. १८७६ सालीं ती नगरपालिकेकडे येऊन सर्वांना मोकळी झाली. नव्या शहरांतील कित्येक चौकोनी बागांना मात्र अजून कुलपें आहेत, आणि किल्ल्या सभोंवतालच्या रहिवाशांपाशीं असतात. एकाच शहरांतील एक बाग उघडी आणि दुसरी बंद कां, हा प्रश्न ज्याला पडला त्यानें त्या शहराच्या समाजरचनेंत प्रवेश केला असें समजावें.

बापट ज्या विद्येसाठीं गेले होते तिच्या दृष्टीनें शहरांतील चेंबर्स स्ट्रीट हा रस्ता महत्त्वाचा. १८२१ सालीं एडिंबरोंत कारागिरांसाठीं एक शाळा निघाली. दिवसभर हातोडा चालविणाऱ्या माणसाला रात्रीं रसायन, गणित आणि यंत्रशास्त्र शिकतां यावें हा तिचा उद्देश होता, आणि या जातीची ती जगांतील पहिली संस्था मानली जाते. पुढें तिला वाफेच्या यंत्राचा सुधारक जेम्स वॅट आणि सोनार-दाता जॉर्ज हेरियट यांचीं नांवें मिळालीं. बापट तेथें गेले त्या काळीं ती हेरियट-वॅट कॉलेज या नांवानें चेंबर्स स्ट्रीटवर नांदत होती; आतां ती विद्यापीठ होऊन शहराबाहेर रिकार्टन येथें गेली आहे. त्याच रस्त्यावर १८६६ सालीं उघडलेलें वस्तुसंग्रहालय आहे. लोखंड आणि कांच यांच्या उंच छताखालीं तेथें पशुपक्ष्यांपासून यंत्रांपर्यंत सर्व कांहीं मांडलेलें आहे. वॅट आणि बोल्टन यांच्या कारखान्याचें १७८६ सालचें एक प्रचंड वाफेचें यंत्र त्या संग्रहांत उभें आहे, आणि शास्त्रज्ञांनीं पेशीपासून निर्माण केलेली ‘डॉली’ ही मेंढीहि तेथेंच जतन केलेली आहे. या राष्ट्रीय संग्रहालयास आज प्रवेशमूल्य नाहीं. राष्ट्रीय चित्रशाळा आणि इन्व्हरलीथचा वनस्पतिबाग यांतहि विनामूल्य जातां येतें.

फुकट असलेल्या संग्रहालयाचा एक मोठा गुण असा कीं तें एका दिवसांत संपवावें लागत नाहीं. ज्यानें तिकिटाचे पैसे मोजले तो दमेपर्यंत सर्व दालनें धांवत पाहतो, आणि संध्याकाळीं त्याच्या ध्यानांत कांहींच राहत नाहीं. ज्याला दार रोज उघडें आहे तो एका दिवशीं एकच दालन पाहतो. बाहेर पाऊस आला तर आंत येतो, ऊन पडलें तर निघून जातो. एडिंबरोंत ऊन आणि पाऊस दिवसांतून चारदां जागा बदलतात, त्यामुळें या सोयीचें मोल तेथें अधिकच. शिवाय शाळेंतील मुलें, निवृत्त झालेले गृहस्थ, तान्हें मूल घेऊन आलेली आई अशीं गांवांतलीं माणसें तेथें भेटतात. प्रवाशांच्या गर्दींतून सुटून नागरिकांच्या गर्दींत मिसळण्याचा तो एक मार्गच होय.

संग्रहालयापासून चार पावलांवर शहराचें सार्वजनिक ग्रंथालय आहे. अँड्र्यू कार्नेगी या स्कॉटलंडांत जन्मलेल्या आणि अमेरिकेंत धनाढ्य झालेल्या पोलादवाल्यानें ५०,००० पौंड दिले, आणि १८९० सालीं तें उघडलें. थंडीच्या दिवसांत ज्याच्या खोलींतील शेगडीला कोळसा पुरत नसे अशा विद्यार्थ्यास ऊब, उजेड आणि वर्तमानपत्रें या तिन्ही गोष्टी अशा वाचनगृहांत एकदम मिळत. या ठिकाणीं नगरच्या श्रोत्यास एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. नगरचें जिल्हा वाचनालय १८३८ सालीं स्थापन झालेलें आहे. एडिंबरोच्या त्या सार्वजनिक ग्रंथालयाहून तें बावन्न वर्षांनीं जुनें. दोन्ही संस्थांचें स्वरूप सारखें नव्हतें हें खरें. तरी परदेशच्या ग्रंथालयाची पायरी चढतांना ज्याला आपल्या गांवच्या वाचनालयाची आठवण होत नाहीं, त्याच्या कौतुकाला थोडी लाज जोडली पाहिजे.

शहराच्या पूर्वेस आर्थर्स सीट नांवाची टेकडी आहे. उंची २५१ मीटर. मरून गेलेल्या ज्वालामुखीचा तो अवशेष आहे. सह्याद्रीच्या काळ्या खडकांत वाढलेल्या माणसाला तो दगड ओळखीचा वाटेल. माथ्यावरून सबंध शहर, फोर्थची खाडी आणि पलीकडचा प्रदेश दिसतो. टेकडीच्या एका अंगाला काळ्या कड्यांची ओळ आहे आणि तिच्या पायथ्यानें एक वाट काढलेली आहे. ही वाट १८२० च्या सुमारास बेकार विणकरांकडून करविण्यांत आली. त्या सुमारास विणकरांमध्यें उपासमार आणि असंतोष दोन्ही माजले होते. हाताला काम दिलें म्हणजे डोकीं थंड होतील असा त्यांतील हिशेब होता. दरडी कोसळण्याच्या भीतीनें ही वाट २०१८ सालीं बंद करण्यांत आली, पण खालून ती स्पष्ट दिसते. नगर जिल्ह्यांतील माणसाला या वाटेचा अर्थ समजावून सांगण्याची जरुरी नाहीं. दुष्काळी कामावर खडी फोडणें म्हणजे काय हें त्याच्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होतें. १९७२ च्या दुष्काळांत तर तें पुष्कळांनीं स्वतः केलेलें आहे. राजधानीच्या सर्वांत रम्य फिरण्याच्या जागेखालीं उपाशी माणसांची मजुरी पुरलेली आहे हें ज्ञान कोणत्याहि महागड्या हॉटेलाच्या सज्ज्यांतून होण्यासारखें नाहीं.

आतां राहण्याखाण्याविषयीं. बापटांच्या काळीं परदेशी विद्यार्थी बहुधा एखाद्या बाईच्या घरीं भाड्यानें खोली घेऊन राहत. तिच्याकडून न्याहारी मिळे आणि त्याबरोबर गांवची बोली, शेजाऱ्यांच्या भानगडी आणि रविवारीं शिट्टीसुद्धां वाजवूं नये असा दंडकहि मिळे. आज त्या जागीं तरुणांचीं वसतिगृहें आणि उन्हाळ्यांत विद्यापीठांच्या रिकाम्या होणाऱ्या खोल्या आहेत. ज्या ठिकाणीं सामाईक स्वयंपाकघर आहे तें ठिकाण निवडावें. ओटाची पेज ही स्कॉटलंडची जुनी न्याहारी. ज्वारी-बाजरीच्या कण्या खाल्लेल्या माणसाला ती लगेच मानवते, स्वस्त पडते, आणि थंडींत दुपारपर्यंत पोटाला आधार देते. मसुरीच्या डाळीचें सूप तेथें साध्या उपाहारगृहांतहि मिळतें. शाकाहारी माणसानें तें मांसाच्या रसांत शिजविलेलें नाहीं ना, एवढें विचारून घ्यावें. संध्याकाळीं मोठ्या दुकानांतून त्याच दिवशीं संपवावयाचे पाव कमी किंमतींत विकतात. नळाचें पाणी उत्तम असतें. बाटलीवर पैसे घालण्याचें कारण नाहीं.

गरम कपडे सर्व मुंबईंतूनच विकत नेण्याची घाई करूं नये. धर्मादाय संस्था चालवीत असलेलीं जुन्या वस्तूंचीं दुकानें तेथें जागोजागीं आहेत. चांगला लोकरी कोट तेथें अल्प किंमतींत मिळतो, आणि दिलेला पैसा एखाद्या रुग्णसेवेस किंवा अनाथांच्या कार्यास जातो. अशा दुकानांत गल्ल्यावर बहुधा गांवांतील वृद्ध स्त्रिया विनावेतन काम करीत असतात. त्यांच्याशीं दोन शब्द बोलण्यानें स्कॉटिश बोलीचा जो परिचय होतो तो पुस्तकांतून होत नाहीं. पहिले दोन दिवस तें इंग्रजी आहे असें वाटतच नाहीं. पण नगरची बोली ऐकून शहरी पाहुणा जसा आधीं हंसतो आणि मग तिच्या प्रेमांत पडतो, तसाच अनुभव येथें येतो. पाय थकले तर बस आहे. शहराच्या हद्दींत अंतर कितीहि असलें तरी भाडें एकच. त्या बसच्या वरच्या मजल्यावर पुढें बसून लीथच्या बंदरापर्यंत किंवा पोर्टोबेलोच्या वाळूपर्यंत जाणें हें स्वस्तांतलें उत्तम दर्शन होय.

काळाची निवडहि महत्त्वाची आहे. १९४७ सालीं, महायुद्धाच्या जखमा ताज्या असतांना, एडिंबरोंत संगीत-नाट्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. त्याच वर्षीं आठ नाटकमंडळ्या निमंत्रण नसतां आल्या आणि त्यांनीं मिळेल त्या जागीं आपले खेळ केले. त्या आगंतुकांचा जो उत्सव वाढत गेला तोच आज जगप्रसिद्ध ‘फ्रिंज’ होय. ऑगस्ट महिन्यांत हा सर्व सोहळा चालतो आणि खोल्यांचीं भाडीं आकाशाला भिडतात. ज्याला तो पाहावयाचाच आहे त्यानें मैलभराच्या त्या जुन्या रस्त्यावर उभें राहावें. तेथें नट, गवई, डोंबारी रस्त्यावरच आपली कला दाखवितात आणि टोपींत यथाशक्ति नाणें टाकलें म्हणजे झालें. इतरांनीं मे किंवा सप्टेंबर निवडावा. डिसेंबरांत दिवस सात तासांचा, जूनांत साडेसतरा तासांचा. पायीं हिंडणाऱ्याला उजेड हेंच मोठें धन असतें.

परंतु नुसतें फिरणें म्हणजे पाहणें नव्हे. शहर कसें पाहावें याचें शास्त्रच एडिंबरोंतील एका गृहस्थानें निर्माण केलें. पॅट्रिक गेडीस हे त्यांचें नांव. १८९२ सालीं त्यांनीं किल्ल्याजवळचा एक मनोरा घेतला. त्याच्या माथ्यावर अंधाऱ्या खोलींत आरसा आणि भिंग यांच्या साहाय्यानें बाहेरच्या शहराचें हालतें चित्र मेजावर पडे. तें पाहून प्रेक्षक खालीं उतरूं लागे: एका मजल्यावर एडिंबरो, त्याखालीं स्कॉटलंड, मग इंग्रजी बोलणारे देश, मग युरोप, आणि तळाशीं सारें जग. आपलें गांव आधीं, जग नंतर, आणि दोहोंमध्यें अखंड जिना, हा त्यांतील धडा. मात्र गेडीस मनोऱ्यावरून पाहत राहिले नाहींत. १८८६ सालीं विवाह झाल्यावर लवकरच त्यांनीं नव्या शहरांतील सुखवस्तु घर न निवडतां पत्नीसह जुन्या शहरांतील जेम्स कोर्ट या मोडकळीस आलेल्या चाळवजा वाड्यांत बिऱ्हाड केलें. आणि शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंती घासण्यास व चुना देण्यास प्रारंभ केला.

हेच गेडीस १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले. १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचे ते पहिले प्राध्यापक झाले. इंदूरच्या होळकर दरबारासाठीं त्यांनीं १९१८ सालीं नगररचनेचा मोठा अहवाल तयार केला. ज्या चौंडी गांवीं अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला तें गांव नगर जिल्ह्यांतच आहे, त्यामुळें हा दुवाहि नगरकरांना दूरचा वाटूं नये. इंदुरांत काम करीत असतांना गेडीस यांनीं दिवाळीला शहरांतून मिरवणूक काढविली. तींत प्लेगाच्या राक्षसाची प्रतिमा होती, आणि स्वच्छ नव्या वस्त्रांत, फुलांच्या माळा घालून, शहराचे झाडूवाले मानानें चालत होते. मिरवणूक आपल्या गल्लींतून जावी म्हणून लोकांनीं आपापल्या गल्ल्या झाडून काढल्या.

बापट एडिंबरोंत होते तेव्हां ही सर्व विद्या, हीं ग्रंथालयें आणि संग्रहालयें त्यांच्या सभोंवतीं उघडीं होतीं. एक गोष्ट मात्र तेथें स्वस्त नव्हती: परतंत्र देशाच्या विद्यार्थ्यानें आपल्या देशाची स्थिति उघडपणें बोलून दाखविणें. याची चुणूक पूर्वींहि दिसली होती. गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीवर एडिंबरोंत शिकणारे प्रफुल्लचंद्र राय यांनीं १८८५ सालीं विद्यापीठाच्या निबंधस्पर्धेंत सत्तावनच्या पूर्वींचा आणि नंतरचा हिंदुस्थान या विषयावर ब्रिटिश राज्यावर टीका करणारा निबंध लिहिला. पारितोषिक हुकलें, तरी पुढें तो त्यांनीं छापून प्रसिद्ध केला. बापटांनीं एडिंबरोच्या एका सभेंत हिंदुस्थानांतील ब्रिटिश राज्याविषयीं रोखठोक भाषण केलें, आणि त्यांची शिष्यवृत्ति बंद झाली. पैसा मुंबईच्या व्यापाऱ्यानें दिलेला. तो ज्या देशाच्या कल्याणासाठीं दिला त्या देशाविषयीं खरें बोलल्यामुळें तो बंद व्हावा, यांतील उपरोध उघड आहे. मोजका पैसा होता तोहि गेला. बापट लंडनला गेले. तेथें हायगेटमधील इंडिया हाऊस या घरांत शामजी कृष्णवर्मा यांचें विद्यार्थी-वसतिगृह होतें, आणि १९०६ पासून सावरकर तेथें होते. पुढें पॅरिसमध्यें एका रशियन क्रांतिकारकाकडून बाँबची विद्या घेऊन १९०८ सालीं ते स्वदेशीं परतले. त्या मार्गाविषयीं मतभेद असूं शकेल. पण गरिबींतहि त्या माणसानें स्वतःचा आवाज विकला नाहीं याविषयीं होणार नाहीं.

एडिंबरो आणि पारनेर यांचा हिशेब येथेंच संपत नाहीं. घरीं परतल्यावर बापटांनीं पारनेरांत हातांत झाडू घेतला, आणि पदवीधर माणूस रस्ते झाडतांना व घाण उपसतांना गांवानें पाहिला. १९१४ सालीं मुलाच्या जन्मानिमित्त त्यांनीं अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना प्रथम जेवूं घातलें. १९२० सालीं मुंबईच्या झाडूवाल्यांच्या संपांत ते पुढें होते, आणि नंतर मुळशीच्या सत्याग्रहानें त्यांना सेनापति ही पदवी दिली. एडिंबरोच्या जेम्स कोर्टमधील चुना आणि पारनेरच्या रस्त्यावरील झाडू यांची जात एकच आहे. राजधानी दगडांनीं होत नाहीं; आपला जिना आणि आपली गल्ली यांची लाज ज्यांना वाटते अशा माणसांनीं ती होते.

म्हणून थोड्या खर्चांत राजधानी पाहावयास निघणाऱ्यानें आपल्या गरिबीबद्दल खंत करूं नये. श्रीमंत प्रवाशाला शहर आपली पाहुण्यांची खोली दाखवितें. काटकसरी प्रवासी मागच्या दारानें, स्वयंपाकघरांतून आंत जातो, आणि घर कसें चालतें तें त्यालाच अधिक कळतें. मात्र एक तयारी घरूनच करून निघावी. नगरच्या पूर्वेस शाह डोंगरावर सलाबतखानाची कबर आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. एखाद्या सकाळीं तेथें चढून आपलें शहर वरून पाहावें. मग खालीं उतरून बाजारपेठांतून पायीं हिंडावें, पेठांचीं नांवें कोणीं दिलीं तें एखाद्या म्हाताऱ्या दुकानदाराला विचारावें, आणि जिल्हा वाचनालयांत तासभर बसावें. खर्च बसभाड्याचा आणि एका चहाचा. ज्याला इतकें साधलें त्याला एडिंबरो, व्हिएन्ना किंवा रोम हीं शहरें पाहण्याची विद्या साधली असें मानावें. आणि ज्याचें जाणें कधीं घडणारच नाहीं, त्याचेंहि फारसें नुकसान झालें नाहीं असें म्हणावें लागेल.